त्रेचाळिसावं मिनिट

भंडाऱ्याच्या त्या प्रसूतिगृहात आता कुणी किंचाळत नसे. कळा पूर्वीइतक्याच येत. पण बायका त्यांच्याकडे दारावरून जाणारी वरात बघावी तशा बघत, आणि मध्येच बाळाच्या नावावरून भांडतही.

हे डोक्यावरच्या पातळ टोपीमुळे. वेदना मेंदूत एका वाटेने येते आणि ‘हे थांबवा’ ही तगमग दुसऱ्या. मुरलेल्या साधकाची दुसरी वाट शांत असते. ती शांतता नोंदवून इतरांच्या मेंदूत उमटवली जाई. त्या नोंदीला समतालेख म्हणत. इथला लेख उत्पला मेश्राम यांचा होता: विपश्यनेतली अधिष्ठानाची बैठक, दुखऱ्या गुडघ्यांनिशी तासभर, बोटही न हलवता. त्यांना जाऊन चार महिने झाले होते.

“एक डाग आहे,” डॉ. केळुस्कर वॉर्डात उत्पलाबाईंच्या मुलीला, क्षेमाला म्हणाल्या. “त्रेचाळिसाव्या मिनिटाला समता मोडते. प्रत्येक बाई मान वळवते. तेव्हा काही घडलं होतं?”

“मी खोकले होते. मागच्या रांगेत.” क्षेमाला हसू आलं. “आणि घरी येताना आई मला म्हणाली, आज डोंगरासारखी बसले!”

“लेख राज्यभर जाणार आहे. तेवढं मिनिट काढून टाकते. वारस म्हणून सही हवी.”

“त्या मिनिटात आई दिसते का त्यांना?”

“नाही. आठवण उतरत नाही, फक्त ओढ उतरते. पण टोपी काढल्यावरही ती जात नाही, हीच अडचण.”

क्षेमाने पेन उघडलं. सकाळपासून घसा खवखवत होता. तिला खोकला आला.

वॉर्डातल्या पाचही बाळंतिणी एकदम वळल्या.

“पाणी पी ना वं,” पहिली म्हणाली.

“गळ्याला काही बांधलं नाही? एवढ्या थंडीत?”

“औषध घेत नसंल. तोंडावरूनच दिसते.”

सगळ्यात लहान, विशीतली, बाळाला पाजता पाजता चाळिशीच्या क्षेमावर डोळे वटारत होती. “हसतेस काय? इकडं ये, कपाळ बघू.”

क्षेमा गेली. वाकली. तळवा गरम होता आणि त्याला दुधाचा वास होता.

“ताप नाही,” मुलगी म्हणाली, आणि गोंधळून तिने हात मागे घेतला. “माफ करा ताई. तुमची ओळख नाही, तरी…”

“असू दे,” क्षेमा म्हणाली.

“वर्षाला लाखो बाळंतपणं होतात,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “तुम्हाला कुठेच सुखाने खोकता येणार नाही.”

क्षेमाने पेनाला टोपण लावलं. सही न करताच कागद परत दिला आणि ती निघाली. दाराशी पोचल्यावर मात्र राहवेना. ती मुद्दाम, अगदी हळू, खोकली.

मागे पाच खाटा करकरल्या.