खिंडीतली लाल माती

माती आणायला म्हणून उदयसिंहराव मोहिते स्कूटरवरून निघाले, तेव्हा अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर होता. बडोद्याची हवा अशी गोड पडली होती, की माणसानं उगीचच शीळ घालावी. मागे श्रीपतराव जगदाळे बसले होते, मांडीवर रिकामं पोतं घेऊन.

उदयसिंहरावांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. डॉक्टर दातांची मापं पाठवायचे आणि निजामपुऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत ते बसून काम करायचे. छंद मात्र निराळाच. रेल्वेची जुनी यंत्रं ते पितळेत, लहान पण हुबेहूब घडवायचे. यंदा वर्षभर त्यांनी एकच ध्यास घेतला होता, वाफेवर चालणारं खोदयंत्र. रुळांवर उभं राहून, लांब दांड्याच्या टोकाला लावलेल्या दातेरी बादलीनं टेकडी पोखरणारं. शहराबाहेरच्या रेल्वेच्या खिंडीत काढलेला त्याचा एकुलता एक फोटो श्रीपतरावांकडे होता. ते शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. त्यांनीच फोटोवरून मापं काढून दिली होती. आता जानेवारीच्या प्रदर्शनासाठी यंत्राखाली माती तेवढी पसरायची राहिली होती.

"माती त्याच खिंडीतली हवी," उदयसिंहराव म्हणाले होते. "नाहीतर खेळणं वाटेल."

खिंड आता ओसाड होती. रूळ केव्हाच उखडून नेलेले. दोन्ही बाजूंना लाल दरडी आणि मध्ये बाभळी. पोतं भरून झाल्यावर दोघं दगडावर बसले, उदयसिंहरावांच्या पत्नी संयोगिताबाईंनी दिलेल्या डब्यातले ठेपले काढले, आणि खाता खाता श्रीपतरावांनी प्रथमच सगळं सांगितलं.

"ते यंत्र माझे आजोबा चालवायचे. धनाजीराव. एका दुपारी इथंच दरड कोसळली. बाकीची माणसं सगळी सापडली; यंत्र ओढून काढलं, तर आजोबांची जागा रिकामी. साहेबानं लिहून टाकलं, चालतं यंत्र सोडून पळाला." त्यांनी हातातला ठेपला डब्यात परत ठेवला. "आजी मरेपर्यंत कुंकू लावायची. बाबांनी पितृपक्षात त्यांना कधी पाणी दिलं नाही. मेला म्हणावं तर पुरावा नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. आता मी बासष्टचा झालो, उदयसिंहराव. मलाही ठाऊक नाही, मी कुणाचा नातू आहे. पळपुट्याचा की…"

घरी आल्यावर संयोगिताबाईंनी माती गच्चीवर दोनदा चाळली, तीही पिठाच्या चाळणीनं.

"बाजरीचं पीठसुद्धा मी एवढं चाळत नाही हं!" त्या हसून म्हणाल्या.

सागाच्या फळीवर दोन इंच मातीचा उतार झाला. त्याच्यासमोर पितळी यंत्र उभं राहिलं. संध्याकाळच्या उन्हात ते असं झळकलं, की तिघांनी टाळ्या वाजवल्या आणि बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा फस्त केला.

दुसऱ्या दिवशी दुपारचा एक वाजून गेला होता. जेवणं झालेली, सगळा निजामपुरा डुलक्या घेत होता. संयोगिताबाई हिंडोळ्यावर बसून मटार सोलत होत्या. मागच्या खोलीतून आवाज आला. बारीक साखळी खुळखुळावी तसा… मग काहीतरी ओतल्यासारखा… सुर्रर्र.

त्यांना वाटलं, मांजर असेल. उठून पाहिलं तर खिडक्या बंद. यंत्राचा दांडा मात्र डावीकडे वळलेला, उतारात एक खाच पडलेली, आणि बाजूला मातीचा इवलासा ढीग. खोलीत दगडी कोळशाच्या धुराचा वास होता. त्यांच्या घरात गॅस होता, कोळसा कधी आलाच नव्हता.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हलवून उठवलं, "तुमचं यंत्र चालतं?"

"चालायला त्यात आहे काय? बॉयलर म्हणजे नुसती बंद नळी."

उदयसिंहरावांनी बॉयलरवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. पितळ तापलेलं होतं.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांना उकळी फुटली आनंदाची. स्वतःच्या हातांनी घडवलेली वस्तू चालली होती! त्यांनी श्रीपतरावांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून एवढंच, "मी येतो."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिघं खुर्च्या मांडून बसले. यंत्र ढिम्म. कुणी पाणी प्यायला उठलं आणि बाकीच्यांची नजर वळली, की खाच बोटभर वाढलेली असायची.

"लाजतंय," संयोगिताबाई कुजबुजल्या. तिघांनाही हसू आवरेना, आणि त्याच वेळी अंगावर काटाही उभा राहिला.

तिसऱ्या दुपारी श्रीपतराव खुर्चीवरून उठले. यंत्रापुढे हात जोडून उभे राहिले. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"आजोबा… आम्ही कुणी हसणार नाही. खोदा तुम्ही."

कोळशाचा वास दाटला. त्यात ओल्या मातीचा वासही होता. मग साखळी ताणली गेली. त्यांच्या डोळ्यांदेखत दांडा खाली झुकला, बादली मातीत रुतली, भरून वर आली, वळली, रिकामी झाली. पुन्हा. पुन्हा. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. कसलेला माणूस काम करतो, तसं.

"हात बघा, हात बघा त्यांचा!" उदयसिंहराव लहान मुलासारखे ओरडले. हात कुठंच दिसत नव्हता, पण तिघांनाही त्याचा अर्थ कळला. संयोगिताबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

अकराव्या वेळी बादली वर आली आणि हवेतच थांबली. रिकामी झालीच नाही.

उदयसिंहरावांनी कामाचा चिमटा हातात घेतला. बादलीतल्या मातीतून एक दात निघाला. त्यांनी तो ब्रशनं पुसला, डोळ्याला भिंग लावलं. आयुष्यभर दात पाहिलेला माणूस, पण त्यांनी तो उलटसुलट करून पुन्हा पाहिला.

"वरचा, समोरचा आहे. माणसाचा. तरुण माणसाचा. आणि यात… श्रीपतराव, यात सोन्याची मेख बसवलेली आहे."

श्रीपतरावांनी दात आपल्या तळहातावर घेतला.

"आजी सांगायची," ते म्हणाले, "बघायला आले नि हसले तेव्हा मेख चमकली, म्हणून पसंत पडले. पळाले नाहीत ते, वहिनी. तिथंच होते. सगळा वेळ तिथंच होते."

दोनदा चाळलेल्या मातीत दात आला कुठून, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी तिघं चांदोदला गेले. नर्मदेत दात सोडला. श्रीपतरावांनी ओंजळ भरून पहिल्यांदा आजोबांचं नाव घेतलं, मोठ्यानं, घाटावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं. परतताना बसमध्ये ते गात होते. आवाज भसाडा, पण कुणी अडवलं नाही. घरी श्रीखंडाचं जेवण झालं. उदयसिंहरावांनी यंत्राच्या अंगावर पितळेची पट्टी डाक देऊन बसवली आणि तिच्यावर सुबक अक्षरांत कोरलं, 'चालक: धनाजीराव जगदाळे'. त्या आठवड्यात कवळ्या बनवतानाही ते शीळ घालत होते.

यंत्र त्यानंतर हललं नाही. बॉयलर गार पडला. वासही गेला.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते. दुपारी जेवून उदयसिंहराव मागच्या खोलीत यंत्राला शेवटचं पॉलिश करायला गेले, आणि दारातच थबकले. दांडा उजवीकडे वळला होता. उताराच्या दुसऱ्या टोकाला नवी खाच पडत होती. या वेळी कामात घाई होती. बादली मातीत जायची, अर्धीच भरून यायची, ओतायची, पुन्हा धावायची.

"संयोगिता…" त्यांनी हलकेच हाक मारली.

त्या आल्या. बघत राहिल्या.

"पण त्या दरडीत तर बाकी सगळे सापडले होते ना?" त्या म्हणाल्या. "श्रीपतरावांनी सांगितलंय. धनाजीराव सोडून एकही माणूस कमी नव्हता."

"नव्हता," उदयसिंहराव म्हणाले. त्यांना खाली वाकावंसं वाटलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी कान मातीजवळ नेला.

खालून, त्या दोन इंच मातीच्या आतून, कुणीतरी ठोकत होतं. तीन ठोके… जरा थांबून पुन्हा तीन.

बादली क्षणभर हवेत थबकली, ऐकत असल्यासारखी. मग आणखी वेगानं खोदू लागली.