मागच्या सीटचा दिवा

बाहेरचा दिवा घालवा आधी, किडे आत येतात. आणि तू, दाराजवळचा, जरा आत सरक. नाहीतर मध्येच "कुणीतरी हात लावला" म्हणून बोंबलशील आणि सगळ्यांच्या झोपेचं खोबरं करशील.

तर आमचा एक मिस्त्री. मोटारींचा. गावाबाहेर मोठ्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे आणि तो अजूनही तिथेच असतो, तेव्हा मी थाप मारतोय असं वाटलं तर उद्या जाऊन विचारा. मात्र हातात पाना नसेल तेव्हाच विचारा. मला त्याने हे एकदाच सांगितलं, आणि दुसऱ्यांदा मी विषय काढला तेव्हा तो उठून निघून गेला.

त्याला सगळे बडबड्या म्हणायचे. माणसांशी नाही हो, माणसांशी तो हो-नाहीपलीकडे बोलायचा नाही. बडबड सगळी गाड्यांशी. नट अडला की "ये गं बाई, नखरे पुरे." इंजिन सुरू होईना की "काय रुसलीस, सांग तरी." गिऱ्हाइकं हसायची, पण गाडी सुरू व्हायची, त्यामुळे हसणारेही पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

जानेवारीत त्याची लेक बाळंत झाली. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर झालेलं पहिलं पोर, तेही दिवस भरायच्या आधी. इतकं नाजूक की मिस्त्री म्हणायचा, हातात घ्यायलाही भीती वाटते, माझे हात पान्याला सरावलेले. जावई बोटीवर नोकरीला, समुद्रात कुठेतरी. बाळाला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रविवारी सकाळी न्या घरी. पण थंडी लागू द्यायची नाही आणि धक्का तर अजिबात लागू द्यायचा नाही.

इस्पितळ होतं शहरात, तासाभराच्या अंतरावर. आणि दिव्याखाली अंधार बघा, जगाच्या गाड्या नीट करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गाडीचं इंजिन नेमकं त्याच आठवड्यात जाम झालं.

बायको म्हणाली, "अहो, भाड्याची गाडी करू या ना."

"भाड्याच्या गाडीचे ब्रेक कोणी बघितलेत? माझा नातू माझ्या गाडीतून येईल."

"तुमचा हट्ट म्हणजे ना..."

"हट्ट नाही. काळजी आहे."

आणि खरोखरच काळजी होती. त्या पोरासाठी तो माणूस रात्र रात्र जागा होता. म्हणून मला त्याचा राग येत नाही.

तो भंगारवाल्याकडे गेला. तिथे एक इंजिन होतं, त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचं, अगदी दमदार. गाडी मागून चेपलेली, इंजिनाला मात्र ओरखडा नाही. आता या लोकांत एक रीत आहे. असं इंजिन घेताना गाडीचं काय झालं, कोणाची होती, हे विचारायचं नाही. मिस्त्रीच्या भाषेत, "इंजिनाला माहेर विचारू नये, फक्त दम बघावा." विचारत बसलं तर धंदाच होणार नाही, कारण चांगली इंजिनं येतात ती अपघातातूनच. भंगारवाला काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. मिस्त्रीने हात वर करून त्याला थांबवलं आणि इंजिन, वायरिंग, मीटर, सगळं टेम्पोत चढवायला लावलं.

एका गाडीचं इंजिन दुसरीत बसवणं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून डोंगर चढणं. इंजिन बोल्टने जिथे बसतं त्या माउंटिंगची भोकं बोटभर सरकलेली. त्याने जुन्या पट्ट्या कापल्या, नव्या वेल्ड केल्या. इंजिन चेनपुलीने खाली सोडलं तर तेलाचं चेंबर खालच्या आडव्या पट्टीवर टेकलं. पुन्हा वर ओढा, चेंबर कापा, पुन्हा जोडा. ते जमलं तर रेडिएटरचा पंखा घासायला लागला. पंखा पुढच्या बाजूला नेला तर बॉनेट लागेना. पण हे सगळं लोखंडाचं काम. लोखंड हट्टी असतं, पण लबाड नसतं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत इंजिन जागेवर बसलं.

खरी गोम वायरिंगमध्ये होती. नव्या इंजिनाला स्वतःचा कॉम्प्युटर असतो आणि तो आपल्याच गाडीचं ऐकतो. शहाणा मिस्त्री काय करतो, एकेक वायर ओळखून फक्त इंजिनापुरत्या ठेवतो आणि बाकीचा जुडगा काढून टाकतो. त्याला चार दिवस लागतात. मिस्त्रीच्या हातात होती एक रात्र आणि एक दिवस. म्हणून त्याने आयुष्यात कधी केला नव्हता तो आळस केला. त्या गाडीचं वायरिंग पुढपासून मागपर्यंत होतं तसं उचललं आणि आपल्या गाडीत गालिच्याखालून अंथरलं. मीटरसुद्धा त्याच गाडीचा बसवला. मागच्या सीटखाली येणारे, बेल्टच्या वायरी जोडायचे कपलर कशालाच लागत नव्हते. लागणार कशाला? मिस्त्रीच्या जुन्या गाडीत मागे बेल्टच नव्हते. त्याने कपलरना टेप गुंडाळली आणि सीट वर ठेवून दिली.

म्हणजे काय झालं, कळतंय ना? मेलेल्या गाडीचं काळीज तर त्याने घेतलंच. आठवणीपण घेतल्या.

शनिवारची रात्र. साडेअकरा होऊन गेलेले. बायको घरी झोपलेली, रस्त्यावर धुकं, गॅरेजमध्ये एक बल्ब. मिस्त्रीने चावी फिरवली. सेल्फ फिरला आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याने डॅशबोर्डवर थाप मारली. "शाब्बास गं पोरी!"

इंजिन बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा जरा वेळ चाललं आणि बंद. आणि दर वेळी, बंद पडायच्या आधी, मीटरवर एक लाल दिवा लागायचा आणि टिंग, टिंग, टिंग असा आवाज यायचा. मिस्त्रीने चष्मा लावून बघितलं. सीटबेल्टचा दिवा. मागची डावी सीट. म्हणजे गाडी म्हणत होती, तिथे कोणीतरी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही.

त्याला हसू आलं. सीट रिकामी, बेल्ट मुळात नाहीच, आणि बेल्टचा इंजिनाशी काडीचा संबंध नाही. कुठेतरी वायर घासून शॉर्ट होत असणार. त्याने टेस्ट लॅम्प घेतला, अर्थिंग तपासलं, नीटच होतं. फ्यूज बघितले. मागची सीट उचलली, टेप सोडली, कपलर कोरडा होता. शेवटी पक्कड घेऊन त्याने ती वायरच तोडली. दोन टोकं दोन बाजूंना वाकवून ठेवली.

पुढे येऊन चावी फिरवली.

टिंग. टिंग. टिंग.

"अगं, तोडली ना तुझी वायर," मिस्त्री म्हणाला.

टिंग. टिंग.

तुटलेल्या वायरीतून निरोप येतो कसा? त्याने विचार करायचा प्रयत्न केला. पण डोकं चालेना. सकाळ जवळ येत होती. तिकडे लेक बाळाचे कपडे बांधून बसली असणार. आणि इकडे हा दिवा, ही टिंगटिंग, आणि इंजिन पुन्हा बंद. त्याचा संयम सुटला. त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि सवयीने जसा गाड्यांवर ओरडायचा तसा ओरडला,

"कोण बसलंय गं मागे? बसायचंय तर बस! पण बेल्ट लाव आणि गप बस!"

आवाज थांबला.

गॅरेजमध्ये शांतता. बल्बभोवती एक किडा फिरत होता, त्याचाही आवाज यावा इतकी.

मग मागून...

कट्ट.

बेल्टचं बकल लागताना होतो ना, तोच. गाडीत मागे बेल्ट नाही, हे मी सांगितलंय तुम्हाला.

लाल दिवा विझला.

मिस्त्रीचा हात चावीवर होता. त्याने ती फिरवली नाही असं तो शपथेवर सांगतो. इंजिन सुरू झालं. आणि चालत राहिलं. अगदी एकसारखं, गोड.

त्याने आरशात बघितलं नाही. मान खाली घालून दार उघडलं आणि उतरला. बाहेर उभं राहून काचेतून मागे पाहिलं. सीट रिकामी होती. फक्त डाव्या बाजूला गादी दबलेली होती. कोणी बसल्यावर दबते, तेवढी...

त्याने भंगारवाल्याला फोन लावला. जन्मात पहिल्यांदा त्याने इंजिनाचं माहेर विचारलं.

"ती गाडी," तो म्हणाला, "मागे कोण होतं?"

पलीकडून झोपेतला आवाज आला. "मिस्त्री, किती वाजलेत..."

"कोण होतं मागे?"

"मी सांगत होतो, तुम्हीच हात वर केला... बाई होती. डाव्या बाजूला. मांडीवर तान्हं. बेल्ट नव्हता लावलेला. मागून ट्रक..."

"कोण वाचलं?"

भंगारवाला म्हणाला, सकाळी बोलू.

"अरे, बाई वाचली की मूल वाचलं?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर तो लागलाच नाही.

मिस्त्रीने खिडकीतून हात घालून चावी काढली आणि घरी जाऊन पलंगावर बसून राहिला. ठरवलं, सकाळी भाड्याची गाडी सांगायची. बायकोला काहीतरी थाप मारायची. मग उजाडलं, कोवळं ऊन आलं, आणि उन्हात माणसाला रात्रीचं सगळं खोटं वाटतं. रविवारी सकाळी भाड्याची गाडीही मिळेना. त्यात लेकीचा फोन. "बाबा, निघालात का? इथे खोली रिकामी करायला सांगतायत." मिस्त्रीने गाडी नीट तपासली. दिवा नाही, आवाज नाही, इंजिन लोण्यासारखं. वायर होती, शॉर्ट झाली असेल, आपण जागरणाने थकलो होतो. तो स्वतःला समजावत होता. तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं.

इस्पितळाच्या दारात लेक बाळ घेऊन आली.

"पुढे बस," मिस्त्री म्हणाला.

"पुढे ऊन येतं बाबा, डोळ्यांवर येईल त्याच्या. आई बसेल पुढे." आणि ती मागे बसली. डाव्या बाजूला.

सांगणार काय आणि कसं? ओली बाळंतीण, मांडीवर जीव. त्याने चावी फिरवली. आणि हळू, बैलगाडीच्या वेगाने चालवत निघाला. डोळे सारखे मीटरवर. लेक बसली होती, बेल्ट नव्हता, तरी दिवा विझलेलाच होता. आधी त्याला बरं वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं. दिवा बेल्ट नसला की लागतो. म्हणजे तिथे बेल्ट लावून कोणीतरी आधीच बसलं होतं.

अर्धा रस्ता झाला. वळणावर एक ट्रॅक्टर शेतातून थेट आडवा आला. मिस्त्रीने जीव खाऊन ब्रेक दाबला. बायकोने दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले. मागे लेक पुढच्या सीटवर आदळली, तिचे हात सुटले... आणि ती किंचाळली, "बाळ!"

गाडी थांबली. कोणाची मागे वळून बघायची हिंमत होईना.

बाळ रडत नव्हतं.

मिस्त्री वळला. बाळ सीटवर होतं. खाली पडलेलं नव्हतं, आडवंही नव्हतं. मागे टेकून बसलेलं. अजून मान न धरणारं पोर... ताठ बसलेलं. मानेमागे कोणी हात द्यावा तसं. झोपेत होतं. तोंडावर हसू.

लेकीने झडप घालून त्याला उचललं. उचलताना ते क्षणभर आलं नाही. अडकल्यासारखं. मग...

कट्ट.

लेक म्हणाली, काय वाजलं बाबा? मिस्त्री म्हणाला, काही नाही. बायको रडत होती, नशीब गं बाई, नशीब, म्हणत होती. तसं बघितलं तर नशीबच. पोर वाचलं. कोणी वाचवलं, हे विचारायची मिस्त्रीला छाती झाली नाही. आणि वाचवणारी त्याला कोणाचं समजून धरून बसली होती, हे तर त्याहून नाही. दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन, वायरिंग, मीटर, सगळं काढून बाहेर ठेवलं. ते कोणी नेलं त्यालाही माहीत नाही. सकाळी जागा रिकामी होती.

घरी पोचल्यावर बायकोने बाळाचं दुपटं सोडलं, झबलं काढलं. आणि तिने मिस्त्रीला हाक मारली. मोठ्याने नाही. हळूच.

बाळाच्या छातीवर एक लाल पट्टा उमटला होता. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत, तिरका, सरळ कडांचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपट्याची घडी रुतली असेल, दोन दिवसांत जाईल.

तो नातू आता पाचवीत आहे. उन्हाळ्यात विहिरीवर पोहायला येतो, तेव्हा मी बघितलंय. पट्टा गेलेला नाही. पोराबरोबर तोही वाढतोय.