होल्डवरची बाई

मावशींनी त्या काचेच्या खोलीत पाऊल टाकायला साफ नकार दिला. "मी काय फ्रीजमध्ये ठेवायची भाजी आहे?" म्हणाल्या.

मावशी म्हणजे ताईच्या सासूबाई. हल्ली त्यांचे कान दगा देत होते. म्हणजे नको ते स्वच्छ ऐकू यायचं आणि हवं ते दोनदा सांगावं लागायचं. त्यांना तपासणीला न्यायचं काम अर्थातच तिच्या, म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीच्या, गळ्यात पडलं. ताईच्या घरात जे काम कुणाचंच नसायचं, ते तिचं असायचं. ती "चालेल" म्हणायची आणि निघायची. इतक्या वेळा म्हणायची, की ऑफिसात तिचं नावच 'चालेल' पडलं होतं.

"असं करू," कान तपासणारा तरुण शांतपणे म्हणाला, "आधी ह्यांना बसवू. त्या धडधाकट बाहेर आल्या, तर मग तुम्ही."

"चालेल," मावशी म्हणाल्या. जीव कुणाचा आणि 'चालेल' कोण म्हणतंय, असं तिच्या मनात आलं. पण वाद घालायलाही अंगात त्राण लागतं. ती आत जाऊन बसली.

त्याने तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. बोटं केसांना लागू नयेत म्हणून जरा जास्तच जपून.

"सवय आहे मला," ती म्हणाली. "दिवसभर हेच असतं कानांवर. वॉशिंग मशीनच्या तक्रारी घेते मी, फोनवर."

"म्हणजे लोक ओरडतात आणि तुम्ही ऐकता."

"ऐकते आणि म्हणते, तुमचा त्रास मी समजू शकते."

"समजता?"

"नाही… पण म्हणते."

तो हसला. त्याच्याही डोळ्यांखाली काळं दिसत होतं. चला, आपल्यासारखंच कुणीतरी झोपेला भुकेलेलं आहे, असं वाटून तिला बरं वाटलं.

त्याने तिच्या हातात बटण दिलं. "बारीक शिट्टीसारखा आवाज येईल. आला, की दाबायचं. बाहेर माझ्यासमोर दिवा लागतो. बस, एवढंच."

दार लागलं आणि जगाचा आवाज बंद झाला. कुणी ओरडत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. शिट्ट्या आल्या, गेल्या, तिने बटण दाबलं. मग मध्येच काहीच येईना. त्या शांततेत ताई बोलू लागली, 'तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं.' मग ऑफिसातले साहेब बोलले, 'तुम्ही समजूतदार आहात.' आणि सगळ्यांच्या मागून, कुणीतरी फार दमलेलं, अगदी हळू म्हणालं… 'मला नाही जायचं.'

तिचा अंगठा बटणावर दाबला गेला.

काचेपलीकडे त्याने चमकून वर पाहिलं. दार उघडून तो आत आला. "मी आवाज सोडलाच नव्हता."

"मग दिवा कसा लागला?"

"ते तुम्ही सांगायचं."

तिने हेडफोन काढून त्याच्या हातात दिले. "कान ठणठणीत आहेत तुमचे," तो म्हणाला. "तोच त्रास आहे बहुतेक. सगळ्यांचं सगळं ऐकू येतं."

न सांगण्यासारखं खरं तर काही नव्हतं. भावोजींची लांबच्या शहरात बदली झाली होती. महिनाअखेरीस सगळं घर हलणार होतं आणि घराबरोबर तीही, नोकरी सोडून. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं होतं आणि आता ताईची जुळी तिच्या हातूनच जेवत होती. ताईने रीतसर विचारलंही होतं, "तुला चालेल ना?" त्यावर तिने काय उत्तर दिलं, हे सांगायला नकोच.

मावशींचं कानाचं यंत्र बसवायला बऱ्याच खेपा पडल्या. कधी ते शिट्टी मारायचं, कधी मावशी ते पर्समध्ये विसरायच्या. खेपेगणिक मावशी त्याला घरातली एकेक बातमी पुरवत होत्या, आणि बदलीची बातमी तर पहिल्याच खेपेला देऊन झाली होती. ती तेवढ्या वेळात काचेच्या खोलीत जाऊन बसायची. तोच म्हणाला होता, "रिकामी असते तेव्हा बसत जा. मीही बसतो कधीकधी."

"तुम्हाला काय ऐकू येतं?"

"आधी पोटातले कावळे. डबा खायला वेळच मिळत नाही. ते गप्प झाले, की मग… दिवसभर मी लोकांना विचारतो, 'ऐकू आलं का?' मला कुणी विचारलेलं नाही बऱ्याच दिवसांत."

"ऐकू आलं मला," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली. त्याने उगाचच एक वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

पुढच्या खेपेला आत तर नुसता गोंगाट माजला. ताई, साहेब, शाळेतल्या बाई, सगळे एकदम बोलत होते. तिला वैताग आला. मग सवयीनेच, ऑफिसात करते तसं, ती मनातल्या मनात म्हणाली, 'एकेक करून बोला. कोण बोलतंय?' ताईने नाव सांगितलं. तिचं ऐकून घेतलं. साहेबांचं ऐकलं. शाळेतल्या बाई अजूनही 'शहाणी मुलगी उलट बोलत नाही' हेच म्हणत होत्या. त्यांनाही 'नोंद घेतली' म्हणून मोकळं केलं. शेवटी ती, 'मला नाही जायचं' म्हणणारी दमलेली, उरली.

'आपण कोण?'

'किती वर्षं होल्डवर आहे मी,' ती म्हणाली. तक्रारसुद्धा कशी, आवाज न चढवता.

तिला एकदम रडू आलं. ऑफिसात सगळ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. जो ओरडतो त्याचा फोन आधी घेतात. जो नीट बोलतो तो थांबेल, असं सगळे धरून चालतात. तिने स्वतःच्या बाबतीत वर्षानुवर्षं हेच केलं होतं.

'बोला,' ती आत म्हणाली. 'ऐकते आहे.'

तिला काय हवं होतं? फार काही नाही. ह्याच शहरात राहायचं, एक लहानशी खोली घ्यायची, रविवारी कुणीही न उठवता हवं तेवढं झोपायचं. आणि हो… वायर गुंडाळणाऱ्या एका माणसाला डबा वेळेवर खायला लावायचं. हे शेवटचं ऐकून ती दचकली, पण आता नोंद झाली होती.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तिचं पिऊन होईपर्यंत मावशींना यंत्राची बॅटरी कशी बदलायची ते सावकाश समजावत राहिला.

घरी ताई खोक्यांत भांडी भरत होती. वर्तमानपत्रात कप गुंडाळत तीही शेजारी बसली.

"ताई… मी येत नाहीये."

ताईचा हात थांबला. "म्हणजे?"

"इथेच राहते. नोकरी आहे, खोली बघते. मुलांची मला फार आठवण येईल. पण यायचं नाहीये मला."

ताईने गुंडाळलेल्या एका कपावरचा कागद सोडला. मग तिने तोच कप पुन्हा गुंडाळायला घेतला. "विचारलं होतं ना मी? चालेल म्हणालीस. तुझ्यासाठी वेगळी खोली असलेलं घर शोधत वणवण फिरलो आम्ही." तिचा आवाज ओला झाला. "मी तुला मुलं सांभाळायला नेत होते, असं वाटलं ना तुला?"

"थोडंसं."

"थोडंसं खरंही आहे ते," ताई म्हणाली. "मीही दमते गं." दोघी एकमेकींना टेकून बसून राहिल्या. ताईचा राग काही त्या रात्रीत गेला नाही. पण सकाळी तिने एका खोक्यात दोन ताटं, एक कढई आणि चांगल्यातले कप वेगळे काढून ठेवले.

मावशींची शेवटची खेप होती. यंत्र नीट बसलं, मावशी खूश झाल्या. तो मात्र आज वायर गुंडाळत नव्हता, विनोदही करत नव्हता. "तुमचेही कान एकदा बघून घेऊ," म्हणाला. "जाण्याआधी."

'मी जात नाहीये' हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने दार लावलं होतं.

हेडफोनमध्ये शिट्टी आली नाही. खरखर झाली, मग त्याचा आवाज आला. काचेपलीकडे तो माइकवर वाकला होता, पाहत मात्र टेबलाकडे होता.

"माझी एक तक्रार आहे," तो म्हणाला. "तुम्ही जाताय, ही. तुम्हाला थांबवायचा मला काही हक्क नाही… पण मला तुम्ही आवडता. ऐकू आलं असेल तर बटण दाबा. नसेल तरी… काही नाही."

तिने लगेच दाबलं नाही. जन्मभर लगेच 'चालेल' म्हणून झालं होतं. तिने आत कान दिला. ताई आज गप्प होती. साहेब नव्हते, बाई नव्हत्या. ती दमलेली तेवढी होती, आणि ती हसत होती.

तिने बटण दाबलं आणि अंगठा उचललाच नाही. बाहेर दिवा लागला तो लागूनच राहिला. त्याने वर पाहिलं.

ती बाहेर आली. "मी जात नाहीये," ती म्हणाली. "ते कालच ठरलं. तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे."

"मग मी… मग संध्याकाळी चहाला भेटलात तर चालेल?"

मावशींनी यंत्राचा कान इकडे वळवला होता आणि उत्तर त्यांना पाठ होतं.

"चालेल नाही," ती म्हणाली. "मला हवंय."