भंगारातला पट्टा

अरविंद सहस्रबुद्धे बंगलोरच्या एका विमान कारखान्यात पट्ट्यांचा तपासनीस होता. वैमानिकाला खुर्चीशी बांधून ठेवणारा प्रत्येक पट्टा त्याच्या हाताखालून जायचा. अपघातातल्या विमानाचा पट्टा कितीही धडधाकट दिसो, तो दोन जागी कापूनच भंगारात टाकायचा, हा तिथला नियम. एकदा झटका खाल्लेल्या पट्ट्याचा भरवसा नाही, हे अरविंद नव्या माणसांना घसा कोरडा करून शिकवायचा. आणि बासष्ट साली तोच नियम त्याने स्वतः मोडला. अशी चूक करायला शहाणाच माणूस लागतो बरं का, येरागबाळ्याला ती सुचणार नाही.

कारण होती शुभा. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, अडीच वर्षांची, एकुलती एक मुलगी. जुनी मोटार दारात आली तशी ही पुढच्या सीटवर उभी राहून काचेला नाक लावू लागली. तेव्हा सगळ्यांचीच मुलं उभी राहत. अरविंदला मात्र ते बघवत नसे. जोरात ब्रेक लागला तर पोर कुठे जाऊन आपटेल, याचं गणित त्याला तोंडपाठ होतं. म्हणून त्याने लोखंडी नळ्यांची छोटी खुर्ची केली आणि डावीकडच्या सीटवर बोल्टांनी पक्की आवळली. पट्ट्याचं काय, आपला हात जगन्नाथ. जळालेल्या विमानातून आलेला, पण एक धागाही न करपलेला पट्टा त्याने कापायला म्हणून उचलला आणि घरी आणला.

भंगाराचं खातं सांभाळणाऱ्या हयवदनरावांनी ते पाहिलं. पिढ्यानपिढ्या कन्नड मुलखात मुरलेलं मराठी त्यांचं.

"अण्णा, तो नको. त्यातला माणूस बाहेर आला नाही. बक्कल उघडेना म्हणून..."

"बक्कल नवं बसवतोय मी. चारशे पौंड टांगून बघणार आहे."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच हयवदनराव म्हणाले आणि निघून गेले.

शेजाऱ्यांनी विचारलं, पोरीला दावणीला बांधता की काय? लोकांचं काय घेऊन बसलात, ते घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत. अरविंदने तिकडे लक्षच दिलं नाही.

पहिला प्रवास गावाबाहेरच्या बनशंकरीच्या देवळाचा. शुभासाठी वसुमतीने, म्हणजे त्याच्या बायकोने, देवीला नवस केला होता. मंगळवारी राहुकाळात लिंबाच्या सालीत तुपाचे दिवे लावायचे. वसुमती ताट घेऊन मागे बसली. अरविंदने शुभाचा पट्टा आवळला. पट्टा आणि छाती यांत एक बोट जावं, दोन जाऊ नयेत. एकच गेलं.

वाटेत बसवनगुडीत वसुमती मागून म्हणाली, "अहो, सैल झालाय तो."

त्याने पाहिलं. पट्टा चांगला हातभर सुटला होता, मोठ्या माणसाच्या छातीला पुरेल एवढा. त्याने पुन्हा आवळला, बक्कल ओढून पाहिलं आणि निर्धास्त झाला.

दिवे लावून निघाले तेव्हा सांजावलं होतं. देवळाजवळची वस्ती मागे गेली तिथून शहरापर्यंत सगळा माळच होता. गाडीत जळक्या तेलाचा वास येऊ लागला. इंजिन तर थंड चालत होतं.

"शुभा, अशी दाराला चिकटून काय बसलीस? नीट बस."

"जागा नाही..." शुभा हळूच म्हणाली.

अरविंदने पट्ट्याकडे पाहिलं. पुन्हा हातभर सैल. पाहिलं ते क्षणभरच, पण समोर बिनकंदिलाची बैलगाडी होती. ब्रेक, चाक वळलं, आणि मोटार रस्त्याकडेच्या दगडावर आदळली.

शुभा जागची हलली नव्हती. सैल पट्टा तिच्या छातीशी घट्ट बसला होता, अर्धं बोटही जाईना. अरविंदचा जीव भांड्यात पडला. आपली खुर्ची टिकली, याचा त्याला त्याही घडीला अभिमान वाटला. मग पेट्रोलचा वास आला आणि बॉनेटखाली जाळ दिसला.

वसुमती दार उघडून बाहेर धावली. अरविंदने बक्कल दाबलं. उघडेना. स्वतः तेल घातलेलं, शंभरदा उघडून पाहिलेलं बक्कल. शुभा रडत नव्हती. तिचा श्वास अडकत होता. जाळ काचेपर्यंत आला तेव्हा अरविंदने खिशातला चाकू काढला आणि पट्टा खांद्याजवळ आणि कमरेजवळ, नियमाप्रमाणे दोन जागी कापला. मुलीला छातीशी धरून तो माळावर पळाला आणि त्याने तिला वसुमतीच्या मांडीत ठेवलं. त्याला रडू फुटलं.

बैलगाडीवाला मात्र घोंगडं घेऊन जळत्या मोटारीकडे धावत होता. अरविंदने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. मोडक्या कन्नडात म्हणाला, "सगळे बाहेर आलो, बाबा. आत कुणी नाही."

"आणि ते साहेब? पोरीला दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते ते?"

"आत कुणी नाही," अरविंद पुन्हा म्हणाला.

गाडीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं.

"मग काच कोण वाजवतंय?"

अरविंदलाही ऐकू येत होतं. डावीकडची काच, आतून, थांबून थांबून. त्याने गाडीवाल्याची कंबर सोडली नाही, वाजायचं बंद होईपर्यंत.