पहाटेचं जड स्टिअरिंग

विराट, ती खिडकी लाव, गार वारा येतोय. चंदना, मोबाइल खाली ठेव. ही ऐकीव थाप नाही. मारतहळ्ळीला गॅरेज आहे ना, त्या आपल्या प्रतापरावाच्या बाबतीत घडलेलं आहे. आणि प्रतापराव भुताखेताला मानणारा नव्हे. त्याच्या मते जगातल्या निम्म्या तक्रारी ग्रीस लावलं की मिटतात.

गेल्या डिसेंबरात एचएसआर लेआउटमधली नीरजा तिसऱ्यांदा तीच गाडी घेऊन त्याच्याकडे आली. गाडी जुनी, महिन्यापूर्वी सेकंडहँड घेतलेली. तक्रारही तीच, पहाटेच्या थंडीत स्टिअरिंग हलत नाही.

"अण्णा, आईचं डायलिसिस आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेपाचला मशीन मिळतं. परवा वळताच येईना. पाऊण तास उशीर झाला, तेवढा वेळ त्यांनी कापला. रात्रभर आईला धाप. त्या वेळेला टॅक्सीवाले येतो म्हणतात आणि येत नाहीत. मी करू काय?"

प्रतापराव मनातून खजील झाला आणि वरून चिडला. काय करायचं ठेवलं होतं त्यानं? थंडीत जुनं तेल घट्ट होतं, म्हणून पॉवर स्टिअरिंगचं तेल बदललं. पंप तपासला, त्याचा बेल्ट नवा घातला. टायरमधली हवा बघितली. स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा खोलून साफ केला. पुढची चाकं जॅकवर उचलली, तर स्टिअरिंग एका बोटानं फिरतंय! सकाळी दहाच्या ट्रॅफिकमध्ये चक्कर मारली, तरी काही नाही. गॅरेजमध्ये गाडी शहाणी आणि पहाटे तिच्या अंगात येतं, याला म्हणावं काय?

डाव्या सीटपुढच्या मॅटखाली त्याला दोन बुजवलेली भोकं तेवढी दिसली होती. ब्रेक-क्लचची जादा जोडी काढल्याची खूण.

"ड्रायव्हिंग स्कूलची होती," नीरजा म्हणाली. "रघुपती सरांची. ते वारले, म्हणून घरच्यांनी विकली."

असेना. भोकांनी काही स्टिअरिंग जड होत नाही.

"सरी अक्का, ठीक आहे. गुरुवारी मीच येतो. गार गाडी माझ्या हातानं चालवून बघतो."

अठरा डिसेंबर, गुरुवार. पहाटेचे पावणेपाच. नीरजाची आई, राजलक्ष्मी, मागे शालीत गुरफटून बसली. शेजारी नीरजा. पुढची डावी सीट रिकामी, तिचा पट्टा बाजूला लोंबत होता. प्रतापरावानं स्टिअरिंगला हात लावला, तर ते बर्फासारखं गार.

गाडी निघाली. सरळ रस्त्यावर छान चालली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, नुसतं धुकं. पहिलं डावं वळण आलं, त्यानं स्टिअरिंग फिरवलं.

फिरेना.

"बघितलंत, अण्णा?"

त्यानं जोर लावला. गाडी चौकात आडवी थांबली. दोन्ही हातांनी ओढलं. शिव्या दिल्या, कन्नडमध्ये दिल्या, मराठीत दिल्या. मागे राजलक्ष्मीबाईंचा श्वास घरघरायला लागला. पाच वाजून दहा मिनिटं.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तीस वर्षांचा हात तो. तेल घट्ट असलं तर पंप कण्हतो. इथं पंप गप्प होता. स्टिअरिंग जड नव्हतंच...

कुणीतरी धरलं होतं.

त्यानं चाचपून पाहिलं. सगळं गार. फक्त डाव्या बाजूला, तळव्याएवढी जागा... गरम.

त्यानं झटकन हात मागे घेतला. हात इंडिकेटरच्या दांडीवर आपटला. टिक. टिक. टिक.

स्टिअरिंग सैल झालं.

गाडी वळली. पुढच्या वळणाला त्यानं मुद्दाम इंडिकेटर दिला नाही. घट्ट. दिला. सैल.

"अण्णा..." मागून नीरजाचा आवाज जेमतेम आला. "आमच्या शेजारची सौम्या रघुपती सरांकडेच शिकली. ती सांगायची... पहाटेच्या क्लासला, रस्ता रिकामा असला तरी... इंडिकेटर दिल्याशिवाय सर वळू द्यायचे नाहीत. डाव्या सीटवरून स्टिअरिंग धरून ठेवायचे."

दिवसा ट्रॅफिकमध्ये तो इंडिकेटर देतच होता. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, घाईत, कोण देतो? थंडीचा काही संबंधच नव्हता. तीन आठवडे त्यानं चांगल्या गाडीला औषध पाजलं होतं.

बेळ्ळंदूरच्या हॉस्पिटलपर्यंत त्यानं प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला. डावीकडे बघितलं नाही. एकदाही नाही.

पाच अठ्ठावीस. हॉस्पिटलच्या दारात नीरजानं आईला व्हीलचेअरवर बसवलं. मशीन मिळालं, पूर्ण चार तास. त्या दिवसापासून तिला एकदाही उशीर झालेला नाही.

प्रतापरावानं गाडी कडेला लावली. इंजिन बंद केलं. खाली उतरला, दार लावायला वळला आणि तेव्हा त्याची नजर गेलीच.

डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता.

रिकाम्या सीटला चिकटून नव्हता तो... वीतभर पुढे होता. ताणलेला. पोटावरून जातो तसा.

आणि सावकाश... वरखाली होत होता.

प्रतापरावानं दार हळूच लावलं. गाडी लॉक केली नाही.