वजनाशिवायचे रंग

रनाळ्याच्या जिनिंगमध्ये क्रेनचा हुक तुटला, रुईची गाठ कोसळली आणि तिच्याखाली भिला हमाल जागीच मेला. पोलिसांनी क्रेनचालक लखनला उचलले. त्याची बायको रंजिता खासगी गुप्तहेर कामिनीकडे आली.

"त्यासनी जास्त वजन उचलंच नही, ताई. पन त्या साहेबना अहवाल म्हनस, उचलं."

कामिनी आपला सहकारी गोकुळ आणि रंजिता यांना घेऊन तो अहवाल देणाऱ्या लोणखेड्याच्या प्रयोगशाळेत पोहोचली. जिनिंगचे मालक हिंमतराव तिथे आधीच बसले होते. गोकुळला ते खटकले नाही. त्याला सहसा काही खटकत नसे.

अभियंता नवनीतने खोलीत अंधार केला. प्रकाश गाळणाऱ्या दोन ध्रुवक काचांमध्ये पारदर्शक रेझिनमधून कापलेले हुकाचे मॉडेल टांगलेले होते. वजन लावताच त्याच्या पोटात रंगीत पट्टे उमटले.

"पट्टे दाट, तिथे ताण अधिक. संगणक ते मोजतो. ठरलेल्या वजनाला हा हुक तुटत नाही. म्हणजे वजन जास्त होतं."

"मॉडेल केव्हा कापलंत?" कामिनीने विचारले.

"काल. तुटलेल्या हुकावरून. घासून पडलेली खाचसुद्धा हुबेहूब आहे."

"अपघातापूर्वी हुक पाहिला होतात?"

"नाही."

ती हिंमतरावांकडे वळली. "तुम्ही कोणाकडून तपासून घेतला होता?"

"कोनाकडतीन? ह्या साहेबले मी अपघातनंतरच वळखस. आते मालेबी टांगतीस का तठे?"

कामिनी हसली नाही. "संगणकाच्या चित्रात हुकाची कड का नाही?"

"कडेला चित्र अस्पष्ट येतं. वगळावी लागते," नवनीत म्हणाला.

"वजन काढा."

पट्टे विझले. कडेने मात्र एक बारीक रंगीत रेघ तशीच राहिली.

"छान दिसतंय," गोकुळ पुटपुटला. "साडीच्या काठासारखं."

"आता ज्या रेझिनच्या तक्त्यातून हे मॉडेल कापलंत, त्याचाच एक तुकडा त्याच यंत्रावर कापा."

नवनीतने कापला. त्याचे हात संथ होते. काचांमध्ये धरलेला तुकडा काळाच राहिला. त्याला काठ नव्हता.



"वजन नाही, तर ताण नाही; ताण नाही, तर रंग नाही," कामिनी म्हणाली. "पण हे रेझिन कापल्यावर कडेने हवेतली ओल पितं, फुगतं आणि आपोआप ताणलं जातं. इतका रंग यायला काही आठवडे लागतात. कापण्याच्या उष्णतेने तो आला असता, तर ताज्या तुकड्यातही दिसला असता."

"पण हुक तर गेल्या सोमवारी तुटला," गोकुळ सावकाश म्हणाला.

"आणि मॉडेलवर खाच त्याच हुकाची आहे. म्हणजे ती अपघाताच्या कितीतरी आधी मोजली गेली. मालकाच्या संमतीवाचून क्रेनपर्यंत कोण पोहोचणार? हुकावर सर्वांत मोठा ताण आतल्या कडेला येतो, खाचेपाशी. अहवालातून नेमकी तीच कड गेली. लखनने जास्त वजन उचललं नाही, हे मी सिद्ध केलेलं नाही. त्याने ते उचललं, हा तुमचा पुरावा मात्र संपला."

"नवन्या, तोंड उघाडू नको!" हिंमतराव उठून उभे राहिले.

नवनीतने दिवा लावला. उजेडात रेझिनचा हुक साध्या काचेसारखा दिसत होता.

"लखनने वजन बरोबरच उचललं होतं," तो म्हणाला. "खाच धोक्याची आहे, हे मी यांना आधीच सांगितलं होतं. यांनी विचारलं, हंगाम संपेपर्यंत टिकेल का?"

"आन तुम्हीन काय सांगं?" रंजिताने विचारले.

"टिकेल म्हणालो."