बाकावरचा स्वच्छ चौकोन

एका गाडीमागे भाऊजींना काय सुटायचं ते आधी सांगतो. गाडी ओढून आणायचं भाडं, टाकी उपसायची मजुरी, नवा फिल्टर, आणि उपसलेलं तेल फुकटात. महिन्यात अशा तीन गाड्या आल्या की ताईच्या घरात एक नवी वस्तू यायची. फ्रिज तसाच आला. माझा मोबाईलही तसाच आला. लपवून काय करू?

पुढचं सगळं खरं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मी तिथे होतो आणि ते बिल माझ्या अक्षरातलं आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज. मी शनिवारी बिलं लिहायला जायचो. गॅरेजच्या दीड किलोमीटर अलीकडे पेट्रोल पंप. पंपावर भाऊजींचा एक माणूस होता, चष्मेवाला.

डिझेलच्या गाडीत पेट्रोल घातलं तर ती जागच्या जागी बंद पडत नाही. नळ्यांमध्ये उरलेल्या डिझेलवर थोडी पळते. मग खडखडते, आचके देते आणि मान टाकते.

साधारण दीड किलोमीटरवर.

बरोबर आमच्या फाटकासमोर.

"देवाने जागाच अशी दिलीय, मेहुणे," भाऊजी म्हणायचे आणि डोळा मारायचे.

चष्मेवाला गिऱ्हाईक पारखून घ्यायचा. परगावची नंबर प्लेट. कानाला फोन. चेहऱ्यावर घाई. नंतर कोणी तणतणत परत गेलंच, तर म्हणायचा, "साहेब, तुम्हीच पेट्रोल म्हणालात की." घाईतला माणूस फार भांडत बसत नाही. पैसे देतो आणि सुटतो.

तो शनिवार होता. दुपारचे सव्वाचार.

करड्या रंगाची गाडी आचके देत आली आणि फाटकासमोर थांबली. चालवणारी एक बाई, चाळिशीची. बोलण्यावरून कुठल्यातरी शाळेत शिकवत असावी. शेजारच्या सीटवर तिचे वडील. त्यांच्या छातीत दुखत होतं. त्यांना याच रस्त्याने पुढे हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं. हे तिने आम्हाला तीनदा सांगितलं.

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास," भाऊजी म्हणाले.

भाऊजींचा अर्धा तास केवढा असतो ते ताईला विचारा.

म्हातारबाबा हळूच उतरले. आमचा बाक तेलकट. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला, बाकावर चौकोनी पसरला आणि त्यावर बसले.

मग खाकरले.

"झालं का हो?"

"आजोबा, आत्ता तर आलात," मी हसत म्हणालो.

बाईने अँब्युलन्सला फोन लावला. पाऊण तास लागेल म्हणाले. तिने आवारात उभी असलेली भाऊजींची गाडी बघितली. त्या गाडीची किल्ली माझ्या डोक्यावर खिळ्याला लटकत होती. बाईने तीही बघितली.

"तुमच्या गाडीतून सोडता का? हवे ते पैसे देते."

"मी गेलो तर काम कोण करणार, मॅडम? टाकी उघडलीय. होईलच आता."

मला गाडी चालवता येते. लायसन्स खिशात होतं. बाईने माझ्याकडे बघितलं...

मी मान खाली घालून बिल लिहायला लागलो.

ती रस्त्यावर धावली. येणाऱ्या गाड्यांना हात करत राहिली. एकही थांबली नाही. इकडे टाकीतून बावीस लिटर निघालं आणि निळ्या पिंपात गेलं. दर पाच मिनिटांनी बाकावरून एक खाकरणं.

"झालं का हो?"

मग ते येईनासं झालं.

मला वाटलं, डोळा लागला असेल.

बाई परत आली. बाकासमोर गुडघ्यावर बसली, वडिलांचा हात हातात घेतला आणि तशीच राहिली. रडली नाही. बऱ्याच वेळाने उठून तिने बिल मागितलं. भाऊजींची मान वर होत नव्हती, पण बिल घेऊ नको असंही ते म्हणाले नाहीत. तिने सुट्टे पैसेसुद्धा मोजून दिले. मग आम्ही तिघांनी आजोबांना उचलून त्याच गाडीत, त्याच सीटवर बसवलं. तिने त्यांना पट्टा लावला आणि गाडी सुरू केली.

गाडी एकदम झकास चालली. कामात भाऊजींना कोणी नाव ठेवणार नाही.

पुढच्या शनिवारी गेलो तर भाऊजी बाक पुसत होते. गेल्या दहा वर्षांत त्यांनी कधी बाक पुसला नव्हता.

"कशाला पुसताय?"

"जरा इकडे ये आणि बघ."

रस्त्याकडेचं गॅरेज. तासाभरात बोटभर धूळ बसते. बाकावरही बसली होती. फक्त एका टोकाला...

एक चौकोन स्वच्छ.

रुमालाएवढा.

"रोज असतो," भाऊजी म्हणाले. "पुसला तरी, नाही पुसला तरी."

"मांजर बसत असेल."

"चौकोनी मांजर?"

आम्ही दोघं हसलो. हसताना एकमेकांकडे बघायचं टाळलं. त्याच संध्याकाळी भाऊजींनी बाक उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकला.

चष्मेवाल्याने पंप सोडला. जाताना भाऊजींना भेटून गेला. "मी आता कुणाच्याच गाडीत काही चुकीचं घालत नाही, शपथ. पण पाइप हातात घेतला की मागून कोणीतरी खाकरतं," म्हणाला.

म्हणजे धंदा बंद व्हायला हवा होता.

झाला नाही.

एक डिलिव्हरीचा टेम्पो आमच्या फाटकासमोर आचके देत थांबला. ड्रायव्हर वैतागलेला. "पंपावर गेलोच नाही हो! काटा बघा, टाकी तळाला लागलीय, भरायलाच निघालो होतो." भाऊजींनी खालचं बूच काढलं...

तेल येतच राहिलं.

बावीस लिटर. पेट्रोल आणि डिझेल, दोन्हींचा वास.

त्यानंतर आणखी दोन गाड्या आल्या. एक छोटी, एक मोठी. दोन्हींतून बावीसच. भाऊजींचा भुतांवर विश्वास नव्हता, कारण भुतांकडून काही सुटत नाही. पण त्या दोघांचं बिल त्यांनी घेतलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

दोन महिन्यांनी ताईला दम्याचा झटका आला. दुपारची वेळ. तिचा तोंडात मारायचा औषधाचा पंप घरातच संपला होता आणि तिचे ओठ निळे पडायला लागले होते. भाऊजींनी त्यांची गाडी काढली. गाडी पेट्रोलची. टाकी आदल्या दिवशी मीच भरून आणली होती. दुसऱ्या पंपावरून, स्वतः समोर उभा राहून.

मी ताईला धरून मागे बसलो. पेट्रोल पंप मागे गेला. भाऊजींनी वेग वाढवला.



आणि मग... एक आचका.

"नाही, नाही, नाही," भाऊजी म्हणत होते.

दुसरा आचका. मागून काळा धूर. डिझेलचा उग्र वास. गाडी थांबली. कुठे थांबली ते सांगायला नको.

अँब्युलन्सला फोन लावला. पाऊण तास लागेल म्हणाले.

भाऊजी वेड्यासारखे गाडीखाली शिरले. मी ताईला आधार देऊन आत आणलं. बाक फाटकाजवळ होता. मागच्या शेडमध्ये नव्हता. त्याच्या जुन्या जागी होता.

ताईला आम्ही त्या दिवसाबद्दल एक शब्दही सांगितलेला नव्हता.

तिला धड श्वासही घेता येत नव्हता. तरी तिने कमरेचा रुमाल काढला, झटकला, बाकावर चौकोनी पसरला आणि त्यावर बसली.

मग खाकरली.

"झालं का हो?"

आवाज ताईचाच होता. बोलायची पद्धत तिची नव्हती.

भाऊजी गाडीखालून बाहेर आले. बाकाकडे बघून त्यांनी हात जोडले. "हिला नको," एवढंच म्हणाले. "हिला काही माहीत नाही हो."

मी रस्त्यावर धावलो. हात करत राहिलो, ओरडलो. गाड्या येत होत्या, बघत होत्या, निघून जात होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक गाडी हळू झाली.

करड्या रंगाची.

काच खाली आली. तीच बाई. तिने मला ओळखलं. मागे बाकावर बसलेली ताईही तिला दिसली. क्षणभर तिचा हात गिअरवर तसाच राहिला. ती निघून गेली असती तरी मी काय बोलणार होतो?

"आणा त्यांना," ती म्हणाली.

मी पुढचं दार उघडायला गेलो.

"पुढे नको. मागे बसा."

मी काचेतून आत बघितलं. सीट रिकामी होती... पण पट्टा लावलेला होता. आणि सीट खाली दबलेली होती. कोणी बसल्यावर दबते तशी.

हॉस्पिटलपर्यंत ताईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी पुढे बघत नव्हतो. हॉस्पिटलच्या फाटकातून आत वळलो तेव्हा बाई हलक्या आवाजात म्हणाली,

"झालं, बाबा. पोचलो."

तिला काही विचारलेलं मला ऐकू आलं नव्हतं.

ताई वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर कठीण होतं.

बाहेरच्या आवारात मी बाईला गाठलं. खिशात होते नव्हते ते सगळे पैसे पुढे केले. "त्या दिवसाचे," म्हणालो.

"पैसे नकोत," ती म्हणाली. "एकच सांगा. त्या दिवशी तुमच्या डोक्यावर किल्ली होती. तुम्हाला गाडी चालवता येत होती?"

मी मान खाली घालून नोटा मोजायला लागलो.

 ती गाडीत बसली आणि निघून गेली. जाताना शेजारच्या सीटकडे वळून काहीतरी बोलत होती.

आता ज्याने त्याने काय भरलं ते सांगतो. चष्मेवाल्याची नोकरी सुटली. भाऊजींनी गॅरेज विकलं आणि आता दुसऱ्याच्या हाताखाली पंक्चर काढतात. हॉस्पिटल म्हटलं की ताईला अजून धाप लागते, आणि तिचा तर यात काही दोषही नव्हता. त्या बाईने वडील दिले, वर बिलही दिलं.

माझ्याकडून अजून कोणी काही घेतलेलं नाही.

मी आता स्कूटर वापरतो. रात्री जिन्याखाली लावतो. सकाळपर्यंत सीटवर धूळ बसलेली असते.

मागच्या सीटवर एक चौकोन सोडून.